टपावर तंबू बांधून फिरणारे लोक: हे कोण, आणि यात आपण कुठे?

वावरातला

पांढरकवड्याजवळ राहतो. वावर राष्ट्रीय महामार्ग ४४ पासून पांदणीनं, म्हणजे शेतरस्त्यानं, आत. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हाच रस्ता, त्यामुळे नागपूर सोडून हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा करत आदिलाबादकडे उतरणाऱ्या गाड्या आम्ही लहानपणापासून बघतो. पण गेल्या काही हिवाळ्यांत वेगळ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. थार, जिम्नी, गुरखा, जुन्या जिप्सी. टपावर घडीचा तंबू, मागे पाण्याच्या कॅन, बाजूला फावडं. विचारलं तर म्हणतात, आम्ही ओव्हरलँडिंग करतो. हॉटेल नाही, सोबत चूल-सामान, जिथं रात्र तिथं मुक्काम.

काही जणांना मी विहिरीजवळच्या निंबाखाली जागा दिली. माणसं चांगली होती. सोल्यांची भाजी-भाकर खाल्ली, सकाळी जागा झाडून गेली. आईनं पैसे घेतले नाहीत. पण त्यांच्यातल्या कोणीतरी प्रवाशांच्या ॲपवर माझ्या विहिरीचं ठिकाण टाकलं, आणि आता न विचारता गाड्या पांदणीत शिरतात. तूर उभी असते, कापसाचा वेचा चालू असतो, आणि बंडी वळवायच्या जागेवर कोणाचा तरी तंबू.

मला हे बंद करायचं नाही. समजून घ्यायचं आहे. कोण लोक आहेत हे? एवढे कसे वाढले? आणि आमच्यासारख्यांनी घरची बोलेरो काढून असं जायचं म्हटलं तर जमतं का, की हे पैसेवाल्यांचंच काम आहे?

सातपुडा_लाईन

चांगला विषय. बसलो आहे ऐकायला.

चौथा_गिअर

नागपूरचा आहे आणि यातलाच आहे, म्हणून आधी उत्तर देतो.

आमच्या ओळखीत डॉक्टर आहेत, रस्त्यांचे ठेकेदार आहेत, एक गॅरेजवाला आहे, बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं आहे, सॉफ्टवेअरवाले तर बरेच. घरून काम सुरू झाल्यापासून त्यांना लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करता येतं. करोनात हॉटेल नको, बस नको, आपली गाडी बरी, असं झालं. त्याच सुमारास म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली. यूट्यूबवर लडाख-स्पितीचे व्हिडिओ होतेच. सगळं एकदम जुळून आलं.

पैशाचं म्हणाल तर सामानावर कितीही उडवता येतात. पण बोलेरोत आरामात जमतं भाऊ. गाडी उंच आहे, दणकट आहे, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी तिचे पार्ट मिळतात. मागचं सीट पाडून गादी टाका, ताडपत्री घ्या, गॅसची छोटी शेगडी, वीस लिटर पाणी, हवा भरायचा पंप, अडकलेली गाडी ओढायला टोचनचा पट्टा. टपावरचा तंबू घेऊच नका. पन्नास-साठ किलो वजन टपावर चढलं की वळणावर गाडी डोलते, डिझेलही जास्त खाते. तुमच्या गाडीचा टप चालताना किती वजन सोसतो ते गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते आधी बघा.

आणि ठिकाण ॲपवर टाकणाऱ्यानं चूक केली. मालकाला विचारल्याशिवाय खाजगी जागा टाकायची नसते. ॲपवाल्यांना लिहा, काढतात.

टोचनवाला_किन्ही

भाऊ, ह्या फोर-बाय-फोरवाल्यांले, म्हणजे चारही चाकाले जोर असनाऱ्या गाड्यावाल्यांले, मीच बाहेर काढतो. आमच्या काळ्या मातीत पाऊस पडला की थार काय अन् गुरखा काय, समद्या सारख्या. खरं फोर-बाय-फोर म्हणजे ट्रॅक्टर.

कारण सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. आमची माती चिकण. पाणी पेलं की फुगते, उन्हाळ्यात आटते तं हात जाईन एवढ्या भेगा पडते. ओली असली की चाकाच्या नक्षीत भरते, चाक गुळगुळीत होते अन् जाग्यावरच फिरत बसते. हे लोक व्हिडिओ पाहून येतात, हवा कमी करा म्हणे. रेतीत होते तसं, चाक पसरते अन् वर राहते. इथं खाली धरासाठी काही लागतच नाही तं पसरून काय करन? जेवढा रेस देसान तेवढी गाडी खाली बसन. रेस सोडा, उतरा, पऱ्हाटीच्या नाईतं तुरीच्या काड्या चाकाखाली दाबा, हळू काढा. नाई निंघाली तं मले फोन करा.

पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन पडू द्या, मंगच पांदणीत घाला. दुसऱ्याची पांदण चाकोऱ्या पाडून खराब केली तं पुढं महिनाभर शेतकऱ्याची बंडी तिथंच अडकते.

रोहिणी_नक्षत्र

टोचनवाले दादा, तुमचा प्रतिसाद छापून गाडीत ठेवणार आहे.

मी अमरावतीची. आमच्याकडे ईको आहे, फोर-बाय-फोर वगैरे काही नाही. मी, आई आणि माझी मुलगी अशा तिघी जातो. लोणारला गेलो, सिंदखेडराजाला गेलो, तिकडे गडचिरोलीत मार्कंडा, पुढे सिरोंच्यापर्यंत. गाडीतच झोपतो. ईकोची मागची सीटं काढली की तिघींना पुरेशी जागा होते. खिडक्यांना आईनं जुन्या साड्यांचे पडदे शिवलेत.

'कोण लोक आहेत' याचं माझ्यापुरतं उत्तर असं की बायका आहेत, पण दिसत नाहीत. फोटोत गाडी चालवणारा पुरुष असतो. बाई असते ती स्वयंपाक करताना. मला विचारणारे सगळे एकच विचारतात, "भीती नाही वाटत?" रानाची नाही वाटत. भीती वाटते संध्याकाळी सहानंतर शौचालय कुठे मिळेल याची. म्हणून मुक्काम मी शौचालय बघून ठरवते, निसर्ग बघून नाही. मोठा पेट्रोल पंप, देवस्थानाचं भक्तनिवास, नाहीतर ओळखीतल्या कुणाचं घर. पंपावर रात्रभर दिवा असतो, माणूस असतो, पाणी असतं. मॅनेजरला आधी सांगितलं तर आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

वावरातला दादा, तुम्ही खरंच जागा देणार असाल तर एक शौचालय आणि आतून लागणारी कडी एवढं करा. बाकी निंबाची सावली पुष्कळ झाली.

बहिरमचा_रोडगा

मले एक समजत नाही, यात नवीन काय हाय? आमचे आजे-पणजे बहिरमच्या यात्रेले बंडीनं जात. संग पीठ, डाळ, वांगे, गोवऱ्या, बैलाचा कडबा, कंदील. तिथं राहुट्या ठोकायच्या अन् मुक्काम. रोडगे भाजायचे, हंडीत मटण शिजवायचं. महिनाभर चालते ती यात्रा, डिसेंबर-जानेवारीची थंडी. महादेवाले पचमढीच्या डोंगरात जात, ते तं पायी अन् बंडीनं. काय राहिलं त्यात? इंजिन तेवढं नव्हतं.

चौथा_गिअर

भाऊ, मान्य. पण थोडा फरक आहे. यात्रेला जायचं ठिकाण ठरलेलं, वाट ठरलेली, सोबत अर्धं गाव. इथं ठिकाण महत्त्वाचं नसतं, वाटेवरचे दिवस हेच कारण असतं, आणि सोबत कोणी नसतं. बिघाड झाला तर स्वतः निस्तरायचं.

बहिरमचा_रोडगा

बंडीचा आस मोडला तं कोन निस्तरत होतं?

चौथा_गिअर

हा मुद्दा तुमचा.

सातपुडा_लाईन

अवांतर: गोवऱ्यांवर रोडगे आतून कच्चे राहतात आमचे. काय चुकतं?

बहिरमचा_रोडगा

घाई. गोवरी धूर सोडून लाल निखारा होऊ द्या, वर राख धरली की मंग रोडगे दाबा त्या राखेत. जाळावर भाजसान तं वरून करपन, आत पीठ. अन् कणीक जाडसर दळा.

कागद_पत्रे

परदेशी गाड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. याच रस्त्यावर मी त्या कित्येक वर्षं पाहिल्या आहेत.

लंडनहून रस्त्यानं भारतात यायची वाट जुनी. १९५७ मध्ये लंडन ते कलकत्ता बस निघाली होती. त्याआधी, १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी दोन लँडरोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला गेले. साठ-सत्तरच्या दशकात तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हजारो तरुण आले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बसली. पुढे इराण-पाकिस्तानमार्गे वाघ्याहून थोडेफार येत. एप्रिल २०२५ मध्ये वाघ्यासमोरची आपल्या बाजूची अटारीची चौकी बंद झाली, तेव्हा तोही दरवाजा लागला. पूर्वेला म्यानमारची वाट २०२१ च्या लष्करी उठावापासून भरवशाची नाही.

म्हणजे पांढरकवड्याला युरोपची पाटी लावलेली गाडी आज दिसली तर ती बहुधा जहाजानं आलेली, नाहीतर तिबेट-नेपाळमार्गे. अशा गाडीला कार्नेट लागतं. गाडी इथं विकणार नाही, परत नेईन, याची हमी असते त्यात. आपल्या गाडीला नेपाळ-भूतानसाठी कार्नेट लागत नाही, सीमेवरचा परवाना पुरतो. पुढच्या देशांसाठी मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्थेकडून घ्यावं लागतं आणि त्याला मोठी रक्कम हमी म्हणून अडकवावी लागते. बाहेर देशी जाणाऱ्यांत पैसेवाले जास्त दिसतात त्याचं मुख्य कारण गाडी नसून ही हमी आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र आपल्या आरटीओतच मिळतो, वर्षभर चालतो.

गाडीत फेरफार करणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. पुढचा लोखंडी बंपर केंद्रानं डिसेंबर २०१७ पासून बंद केलाय, आणि तोच सगळ्यात आधी लावतात.

पालावरची_मास्तरीन

धागा सुरुवातीपासून वाचला. लिहू की नको असं झालं, पण लिहिते.

मी फासेपारधी समाजातली, यवतमाळ जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझं बालपण पालात गेलं. दोन बांबू, वर गोधडी आणि पन्नी, बाहेर तीन दगडांची चूल. गावाबाहेर पाल टाकलं की संध्याकाळपर्यंत गावातली चार माणसं येत. कोण तुम्ही, कुठून आले, कधी जाता? रात्री कुठं चोरी झाली की पहाटे पोलीस. आजीला तारीख पाठ होती, ३१ ऑगस्ट १९५२. त्या दिवशी १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा सुटला. कागदावर सुटला. माझ्या वडिलांना त्यानंतरही मुक्काम बदलायच्या आधी पोलीस पाटलाला सांगूनच निघावं लागे.

आता त्याच गावाच्या त्याच माळावर टपावर तंबू असलेली गाडी उभी राहते. गावातली पोरं फोटो काढायला जातात, सरपंच चहा पाठवतात. त्यांनी चहा पाठवावाच. पाहुण्याचा मान आहे तो. पण 'कोण यात असतात' असं विचारलं आहे, म्हणून सांगते. ज्याला मुक्कामाच्या जागी कोणी आडनाव विचारत नाही, किंवा विचारलं तर सांगताना ज्याची जीभ अडखळत नाही, तो यात असतो. गाडी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

माझा भाऊ आता मोटारसायकलवर तंबू बांधून फिरतो. हेल्मेट घातलेलं असेपर्यंत सगळे प्रेमानं बोलतात.

रोहिणी_नक्षत्र

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी आडनाव सांगून किती सहज जागा मिळवते हे आजपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

टोचनवाला_किन्ही

मास्तरीनबाई खरं बोलून राहिल्या. दरसाल काठेवाडी रबारी येतात आमच्याकडे, उंट, मेंढ्या, उंटावर खाटा, लेकरं. वर्षातले कितीतरी महिने रस्त्यावर. त्यांच्यावाणी वाट कोनाले ठाऊक नाही, कुठं पाणी, कुठं कडबा. आम्ही मेंढ्या वावरात बसवतो, खत होते, त्याचे त्यांले दाणे-पैसे देतो. अन् २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात त्यांचेच अठ्ठावन उंट पकडून ठेवले होते, छळ करतात म्हणून. पिढ्यानपिढ्या येणाऱ्या माणसाले कागद मागतले. ओव्हरलँडिंग शिकायचं तं त्या लोकांपासून शिका.

चौथा_गिअर

ताई, आमच्या गटात हा विषय कधी निघालाच नाही, आणि तो निघायला हवा. पुढच्या बैठकीत तुमचा प्रतिसाद वाचून दाखवू का? तुमची हरकत नसेल तरच. भावालाही बोलवा, आम्ही सोबत जाऊ.

पालावरची_मास्तरीन

वाचा. भावाला विचारते. त्याला कंपनी नको असते, पण पंक्चर काढायला शिकवायला तो नक्की येईल.

मेळघाटी_वाटाड्या

सेमाडोहकडचा आहे, जंगलात पर्यटकांसोबत जातो. इकडचं सांगतो.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तंबू ठोकणं तर दूरच. तरी सिपना नदीच्या रेतीत गाडी उतरवून चूल पेटवलेली माणसं आम्हाला सापडतात. मार्च-एप्रिलमध्ये सागाचा पाला पडलेला असतो, एक ठिणगी पुरते. आग लागली की विझवायला जातो तो आमच्या कोरकू पोरांचा गट, हातात हिरव्या फांद्या घेऊन.

मुक्कामाला वनखात्याची संकुलं आहेत, सेमाडोहला, कोलकासला. गावांतही लोक घरी ठेवतात. गावातल्याच माणसाला सोबत घ्या, दुकानातून तेल-मीठ गावातच घ्या. सगळं शहरातून भरून आणलं आणि आमच्याकडे फक्त कचरा टाकला, तर ही माणसं वाढून आम्हाला काय मिळालं?

वावरातला

वाटाड्या भाऊ, कचऱ्याचं अगदी पटलं.

मला अजून एक भीती आहे, ती इथं सांगून ठेवतो, कारण बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. रानडुकरांपायी आमच्याकडे रात्री जागल असते. धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, झटका मशीनची तार असते. तिचा झटका बसतो, पण माणूस मरत नाही. काही लोक मात्र बेकायदा थेट लाईनचा करंट सोडतात, आणि त्यात दरसाल माणसं आणि वाघ दोन्ही जातात. कोणी पाहुणा अंधारात डबा घेऊन धुरा ओलांडायला गेला आणि शेजारच्या वावरातल्या तारेला लागला तर? एकदा तर मचाणावरून मला तुरीत टॉर्च हलताना दिसला, मी डुक्कर-चोर काय काय समजून गोफण उचलली होती. तो बिचारा जागा शोधत होता.

म्हणून न विचारता कोणीही वावरात शिरू नका. दिवसाउजेडी या, विचारा, कुठं फिरायचं ते ऐकून घ्या.

भामरागड_पोस्ट

इकडे शाळेवर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं, भामरागडचा संपर्क तुटतो. पावसाळ्याच्या आत धान्य भरून ठेवायचं, औषधं भरायची, गाडीत दोरी-कुऱ्हाड कायम. इकडचे कर्मचारी हे रोज जगतात, त्याला कोणी छंद म्हणत नाही.

तरी या लोकांनी यावं असं मला मनापासून वाटतं. आमच्या पोरांनी नागपूर पाहिलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात केरळचं एक जोडपं आलं होतं, गाडीच्या बाजूला नकाशा लावून पोरांना आपण कुठून आलो ते बोटानं दाखवत होतं. पोरं अख्खी मधली सुट्टी त्या नकाशाला चिकटून. आठवीतली एक मुलगी विचारत होती, "मॅडम, गाडी तुमीच चालवली का?" हो म्हटल्यावर तिनं पुढचे सगळे प्रश्न त्या मॅडमलाच विचारले. मोटर म्हणजे काय, परवाना कितव्या वर्षी मिळतो, आईनं जाऊ दिलं का.

पावसाळ्यात मात्र येऊ नका. डिसेंबर-जानेवारी बघा.

वावरातला

सगळ्यांचे आभार. आईलाही वाचून दाखवलं. ठरवलंय की निंबाखाली जागा द्यायची, पण रीतसर. पांदणीच्या तोंडाशी माझ्या नंबराची पाटी, फोन केल्याशिवाय आत यायचं नाही. आडनाव विचारणार नाही. गाडीचा नंबर लिहून घेईन. रोहिणीताईंनी सांगितलेलं शौचालय आधी, बाकी नंतर. पाऊस पडला की बंद.

बोलेरो घेऊन आम्ही दोघं तूर निघाल्यावर जाणार, आधी लोणार. आईला सोबत यायचं आहे, ती म्हणते चूल मीच पेटवणार.

याला नोंदणी वगैरे लागते का? आणि परदेशी कोणी राहिलं तर?

कागद_पत्रे

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, एक एकर असलेला शेतकरीही त्यात बसतो. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, नागपूरच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा. सातबारा, आधार सोबत न्या. परदेशी माणूस मुक्कामी राहिला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, पूर्वी त्याला फॉर्म सी म्हणत. पैसे घेतले नाहीत तरी. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो काढून ठेवत जा.

वावरातला

सातबाऱ्यावर आईचं नाव आहे, माझं नाही. चालेल का?

कागद_पत्रे

मग अर्ज आईच्याच नावानं करा. मालकीण त्याच आहेत.

टोचनवाला_किन्ही

पाटीवर माह्याही नंबर टाकजा भाऊ, खाली. पावसात कामी येईन.